बावीस नंबरची टेस्ट रिंग

परवा नातीचा लॅपटॉप नेटला जोडेना. लॅपटॉप जुना, बापाचा वापरून झालेला. राउटर कोरा करकरीत. राउटरचे हिरवे दिवे सगळे लागलेले आणि लॅपटॉप म्हणतो, कनेक्शन नाही! जावई कधी हे बंद करून चालू करत होते, कधी ते. नात रडकुंडीला आलेली. मी खुर्चीतून म्हणालो, "घाबरू नका. फॉल्ट तीनच जागी असतो. या टोकाला, त्या टोकाला, नाहीतर मधे!"

जावई हसले. "बाबा, हे वायरलेस आहे. मधे काही नसतंच."

"मग अवघड आहे," मी म्हणालो.

शेवटी निघालं काय, तर लॅपटॉपच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो कुणाच्या तरी हातानं बंद झाला होता. म्हणजे फॉल्ट या टोकालाच!

तीन जागांचं ते वाक्य माझं नाही, हबीबभाईंचं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नोकरी केली. हबीबभाई मोठे ऑपरेटर, मी भानुदास धाकटा ऑपरेटर आणि किसन लाईनमन. टेलिफोनवाल्यांकडे किस्से फार साचतात. कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकच तक्रार घेऊन येतो, समोरचा ऐकू येत नाही. तेवढ्या एका तक्रारीच्या पोटातून काय काय निघेल, सांगता येत नाही. जुनी मंडळी भेटली की आम्ही हसतहसत सुरू करायचो. मग कुणीतरी बावीस नंबरचं नाव काढायचं आणि चहा गार व्हायचा. आता काढायला मीच उरलोय.

*

आमचा बोर्ड हाताचा. प्रत्येक नंबराला एक बारीक झडप. गिऱ्हाइकानं घरी फोनचा दांडा गरागरा फिरवला की इकडं त्याची झडप टप्पकन पडायची. मग आम्ही त्या भोकात दोर खुपसायचा आणि विचारायचं, "नंबर प्लीज." गावात फोन मोजकेच, त्यामुळे माणसांना आम्ही नंबरानंच ओळखायचो. बाजारात सहा नंबर भेटले, अकरा नंबरच्या सुनेला मुलगा झाला, असं आमचं बोलणं.

एकदा हॉटेलात हबीबभाई मला म्हणाले, "मियाँ, चौदा नंबर कल गुजर गये."

शेजारच्या टेबलावरचा एसटीचा कंडक्टर दचकून उठला. "आवं, ती बस तर आत्ता स्टँडावर उभी हाय की!"

*

सहा नंबर म्हणजे कापसाचे अडते. त्यांची कंप्लेंट आली, फोन डेड. त्या वेळी फोनला वीज आमच्याकडून जात नसे. गिऱ्हाइकाच्या घरी लाकडी पेटीत दोन जाडजूड सेल ठेवलेले असायचे. किसन गेला. तार बघितली, खांब बघितले, सगळं ठीक. पेटी उघडली तर आत सेल नाहीत!

सेल सापडले आतल्या खोलीत. शेटजींच्या मुनीमजींनी ते रेडिओला जोडले होते.

"मुनीमजी, हे काय?"

"पाच मिन्टं थांब रे बाबा. एकच विकेट ऱ्हायलीय!"

किसननं सेल काढले नाहीत. तोही खाली बसला आणि विकेट पडेपर्यंत ऐकलं. फॉल्ट रजिस्टरात त्यानं लिहिलं, 'उपकरणात बिघाड. दूर केला.' किसन तसा हसरा माणूस होता, हे आधी सांगून ठेवतो.

*

बावीस नंबर गावात नव्हता. चार कोसांवरच्या एका खेड्यात होता. त्या खेड्यातला तेवढा एकच फोन, दादारावांच्या घरी. दादाराव मोठे बागायतदार. कापसाच्या भावासाठी फोन घेतला, पण खरं म्हणजे मानासाठी. त्यावर भरतकामाचं झाकण असायचं. घरात बायको गोदाकाकू आणि एकुलता मुलगा सुधाकर, औरंगाबादला कॉलेजात.

किसन त्याच खेड्यातला. त्याची वस्ती गावकुसाबाहेर, आणि फोनची तार तिच्याच अंगावरून दादारावांच्या घरी गेलेली.

विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला ते दिवस. कॉलेजं बंद पडली आणि सुधाकर घरी आला होता. तारा तुटत होत्या, तोडल्या जात होत्या. एका सकाळी बावीसची लाईन गेली. किसन सायकलवर निघाला. हबीबभाई म्हणाले, "आज नक्को जा रे." तो म्हणाला, "घरबी तिकडंच हाय ना, भाई."

दुपारी बोर्डावर त्याचा आवाज आला. खांबावर चढून, तार जोडून, तो टेस्ट फोनवरून बोलत होता.

"भानुदास, बावीस क्लिअर झाली."

"बरं झालं. ये परत."

तो म्हणाला, "वरून आमची वस्ती दिसायलीय. धूर निगायलाय."

तेवढ्यात बावीसची झडप पडली. तरुण आवाज, दबका, घाईचा. "परभणी पोलीस लावा. लवकर लावा. मी सुधाकर बोलायलोय."

हबीबभाईंनी माझ्या हातातून दोर घेतला आणि बाकीचे सगळे कॉल तोडून परभणी लावली. सुधाकरनं गावाचं नाव सांगितलं, वस्ती पेटल्याचं सांगितलं, पेटवणाऱ्यांची नावं सांगितली. त्यातली दोन त्याच्या चुलत्यांची होती. लाईन एकच. किसन खांबावर बसून सगळं ऐकत होता.

गाडी आली. किसनचं घर गेलं, माणसं वाचली.

गावात फोन एकच, त्यामुळे पोलिसांना कुणी बोलावलं हे कुणाला विचारायची गरजच पडली नाही. संध्याकाळी दादारावांनी पोराला भर दारात सांगितलं, "ह्या घरात परत पाय ठेवू नको." गोदाकाकू चौकटीला धरून उभ्या होत्या. जाताना सुधाकर त्यांना म्हणाला, "आई, फोन करीन."

*

त्यानंतर बावीसची कंप्लेंट दर आठवड्याला यायला लागली. गोदाकाकू दांडा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "फोन डेड हाय."

"काकू, तुम्ही फोनवरूनच बोलताय की!"

"जायचं चालू हाय. यायचं बंद हाय."

सांगा, याला काय करायचं? किसन जायचा. बावीसची कंप्लेंट म्हटलं की तो जेवणावरून उठायचा. खांब न् खांब बघायचा, चिमण्यांची घरटी काढायचा, सेल बदलायचा आणि परत यायचा. हबीबभाई विचारायचे, "क्या निकला?"

"या टोकाला न्हाई. मधी न्हाई."

"फिर?"

किसन हात धुवायला निघून जायचा. तिसरी जागा, म्हणजे ते टोक, आमच्या कुणाच्याच हद्दीत नव्हतं. सुधाकर कुठं होता कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी मुंबई म्हणे, कुणी नागपूर. ना चिठ्ठी ना निरोप.

*

लांबच्या लाईनी तेव्हा एकतारी असत. जायची वाट तारेतून, परतीची जमिनीतून. त्यासाठी घरामागे लोखंडी सळई पुरलेली असायची. जमीन ओली असली की आवाज खणखणीत. उन्हाळ्यात जमीन सुकली की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. किसन सगळ्यांना सांगायचा, "सळईला घागरभर पाणी टाकत जावा." अडते टाकायचे नाहीत, गड्याला सांगायचे. गडी टाकायचा नाही.

एका उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल होते. राणीसावरगावपासून वालूरपर्यंत जिथं बघावं तिथं घागरींच्या रांगा. आमच्याकडं सगळ्या लांबच्या लाईनी पुटपुटायला लागल्या. एकटी बावीस स्वच्छ. हबीबभाईंना नवल वाटलं. "किसन, उधर क्या बारिश हुई?"

किसन जाऊन बघून आला. दादारावांची विहीरही आटली होती. गोदाकाकू बायांबरोबर टँकरच्या रांगेला उभ्या राहायच्या. आपल्या वाटणीची घागर आणायच्या आणि त्यातलं तांब्याभर पाणी रोज त्या सळईला घालायच्या. बाया म्हणायच्या, "काकू, तुळस वाळायलीय, अन् तुमी लोखंडाला पानी घालायलाव!"

"तुळस पावसाळ्यात लावता यील," काकू म्हणायच्या.

हे ऐकून आम्ही हसलो. हसायलाच आलं आधी. मग हबीबभाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

*

टेस्ट रिंगची कल्पना किसनची. दुरुस्ती झाली की एक्स्चेंजनं एक घंटी द्यायची असा नियमच होता. किसन म्हणाला, "बावीसला रोजच देत जावा ना. चार वाजता. त्या माउलीला कळंल की यायचं बी चालू हाय."

मग ड्यूटीवर हबीबभाई असोत की मी, चार वाजले की बावीसला एक घंटी. पहिल्या दिवशी काकूंनी अशी झडप घालून फोन उचलला की मला बोलायचं जिवावर आलं. "हॅलो! हॅलो! कोण हाय?"

"काकू, एक्स्चेंज. टेस्टिंग."

मग त्या हळूच म्हणाल्या, "हौ. चालू हाय."

हळूहळू त्यांना सवय झाली. आठवड्याची कंप्लेंट बंद झाली. चारच्या घंटीला त्या आम्हाला बोलूच देईनात. फोन उचलायचा, एका दमात म्हणायचं, "चालू हाय, ठेवा, लाईन मोकळी ऱ्हाऊ द्या!" आणि ठक्क! आपला फोन यायचा तो आमच्या टेस्टिंगमुळं अडू नये, एवढीच त्यांची काळजी.

एकदा परभणीहून साहेब तपासणीला आले. बोर्डासमोर बसून म्हणाले, लांबची एखादी लाईन लावा, मीच बोलतो. चार वाजत आलेले. हबीबभाईंनी बावीस लावून दिली. साहेबांनी घसा साफ केला. "नमस्कार, मी डिव्हिजनल..."

"चालू हाय, ठेवा, लाईन मोकळी ऱ्हाऊ द्या!"

ठक्क!

साहेब रिसीव्हरकडं बघतच राहिले. "कोण आहे ही बाई?"

हबीबभाई अदबीनं म्हणाले, "सर, हमारी सुपरवायझर हैं."

*

एक दिवस चारच्या घंटीला नेहमीचं वाक्य आलं नाही. कुणीतरी फोन उचलला मात्र होता. मी म्हणालो, "काकू?"

मग जाडसर पुरुषी आवाज आला. "कोण हाय?"

दादाराव! पोरगा गेल्यापासून त्या माणसानं फोनला हात लावला नव्हता. कापसाचा भावही गड्याकरवी विचारायचा.

"एक्स्चेंज. टेस्टिंग करतोय."

"आसं व्हय," ते म्हणाले. "ती देवळात गेलीय. मला वाटलं..."

फोन त्यांनी फार हळू ठेवला. त्याच वर्षी ते वारले. अंत्यविधीला लोक बाहेरगावाहून आले, पण ज्याला कळवायला हवं होतं त्याचा पत्ता कुणापाशी नव्हता. किसन गेला होता. लांब उभा राहून, टोपी काढून, परत आला.

*

मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. बोर्ड निघाला, झडपा निघाल्या, एका कपाटात सगळं बसलं. हबीबभाई रिटायर होऊन पूर्णेला मुलाकडं गेले. जाताना कपाटाकडं बघून म्हणाले, "इसको हाथ नक्को लगाव, मियाँ. ये अपने आप बात करता है." खरंच होतं ते. कुठूनही एसटीडी फिरवला की थेट घरात घंटी. कुणाचा फोन कुणाला आला हे आम्हाला कळायचंच बंद झालं.

नंबरही बदलले. बावीसच्या आधी दोन आकडे लागले. गोदाकाकू घाबरल्या. "त्याला जुनाच ठाव हाय की वो!"

"चौकशीला विचारलं की नवा सांगतात, काकू."

"तो इचारंल ना?"

"विचारेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

किसन त्यानंतर फार दिवस राहिला नाही. कावीळ झाली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा डोळे पिवळेजर्द, आवाज अगदी बारीक. बायकापोरांबद्दल बोलला, पेन्शनच्या कागदांबद्दल बोलला. मी उठलो तसा म्हणाला, "चारची घंटी सोडू नको."

सोडली नाही. कपाट स्वतःच लाईनी तपासत होतं, टेस्ट रिंगची काही गरज उरली नव्हती. स्टाफमध्ये मी एकटा. तरी चार वाजले की बावीसचा नंबर फिरवायचा, ते वाक्य ऐकायचं, ठेवायचं. त्या एका वाक्यात मला किसन भेटायचा.

*

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला तो संक्रांतीचा सुमार. रेडिओवर बातमी आली आणि दोन दिवसांनी गोदाकाकूंचा फोन. आवाज तरणाताठा वाटला.

"भानुदासभाऊ, ऐकलाव का? ज्याच्यापायी भांडण झालं ते मिटलं की! आता यील बघा त्याचा फोन. एकदा लाईन नीट बघून जावा. ऐन टायमाला काही व्हायला नको."

किसन असता तर तिथल्या तिथं सायकल काढली असती. मी एक्स्चेंजला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दुपारच्या एसटीनं गेलो. ऊसतोडीला अर्धं गाव गेलेलं, गल्ल्या सुन्या. किसनच्या वस्तीवर मात्र निळे झेंडे लागले होते, पोरं एकमेकांना पेढे भरवत होती. मलाही एक दिला. खांबावरून धूर बघणाऱ्याला हे बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

काकूंनी ओटा सारवला होता. फोनवरचं भरतकामाचं झाकण धुऊन घातलं होतं. मी तार बघितली, पेटी बघितली, रिसीव्हर उघडून पुसला. जुन्या सळईशी काही काम उरलं नव्हतं, तरी तिच्या बुडाची माती ओली होती.

"सगळं ठीक आहे, काकू."

"ठीक कसं नसंल. बसा, च्या टाकते. तिळाचे लाडू हाईत. त्याला लय आवडतेत, म्हनून केलेव."

मी बसलो. त्या सुधाकरच्या लहानपणचं सांगायला लागल्या. फोन नवा आला तेव्हा तो झाकणाखाली डोकं घालून बसायचा, आत कोण बोलतं ते बघायला. सांगताना हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला.

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चार वाजले होते. त्या सावकाश उठल्या, हात पदराला पुसले आणि फोन उचलून एका दमात म्हणाल्या, "चालू हाय, ठेवा, लाईन मोकळी ऱ्हाऊ द्या!"

ठक्क.

मग माझ्याकडं वळून कौतुकानं म्हणाल्या, "बघा! तुमी इथं बसलाव, तरी तुमचा मानूस टायम चुकला न्हाई."

माझा हात खिशात गेला. एक्स्चेंजची किल्ली हाताला लागली.

"लाईन नीट हाय ना, भाऊ?" काकूंनी कप भरत विचारलं.

"क्लिअर आहे, काकू," मी म्हणालो. बाहेर परतीची एसटी हॉर्न वाजवत उभी राहिली आणि निघून गेली, तरी मी फोनकडं बघत तिथंच बसून राहिलो.